दहापैकी किती?

परीक्षकाच्या खुर्चीत जो कधी बसलेला नाही, त्याला ती फार मऊ वाटते. शाल, श्रीफळ, मधल्या वेळेचा चहा आणि समोर दुसऱ्यांनी खपून काढलेली चित्रे. ती पाहावीत आणि कागदावर आकडे टाकावेत, यात कष्ट ते काय? परंतु हौशी छायाचित्रांच्या एखाद्या स्पर्धेत हातात पेन्सिल घेऊन बसावे, म्हणजे पहिल्या दहा चित्रांतच ही समजूत दूर होते. चित्र आवडले हे सांगणे सोपे; ते किती आवडले हे आकड्यात सांगणे अवघड; आणि आपले सात व शेजाऱ्याचे सात हे एकच सात आहेत काय, हे ठरवणे तर त्याहून अवघड. त्या आकड्यांची बेरीज मात्र कोणीही बिनदिक्कत करतो, आणि तिच्यावरच कोणाच्या तरी वर्षभराच्या उमेदीचा निकाल लागतो.

हे सर्व सुचण्याचे कारण म्हणजे म्हापसा येथे नुकतीच पार पडलेली एक लहानशी स्पर्धा. तिच्या तिघा परीक्षकांत एक मी होतो. म्हापसा हे बारदेश तालुक्याचे मुख्य ठाणे, पणजीपासून सुमारे तेरा किलोमीटरांवर. येथला शुक्रवारचा बाजार साऱ्या उत्तर गोव्यात प्रसिद्ध आहे. पेडणे आणि डिचोली हे महाल येथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्या बाजूचे लोक खरेदीला येतात तसेच स्पर्धेलाही येतात. ग्वाल्हेरच्या वाचकांना हा मुलूख अगदीच परका वाटू नये. महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर हे मूळचे पेडण्यातील केरी गावचे. आणि छायाचित्रणापुरते बोलायचे तर त्याच पेडणे महालातील मांद्रे हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे मूळ गाव. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे व्यवसायाने वैद्य आणि हौसेने छायाचित्रकार होते. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची जी संस्था निघाली तिच्या कार्यकारी मंडळावर ते पुढे बसले. ‘हौशी’ या शब्दाला आज कोणी कमी लेखत असेल, तर त्याने हा इतिहास आठवावा.

स्पर्धेचा विषय होता ‘आपला गाव’. शंभराच्या वर चित्रे आली होती, त्यांतली बहुतेक मोबाईलवर काढलेली. शिरगावच्या लईराईचे धोंड होते, नार्व्याचा सप्तकोटेश्वर होता, मये येथील तळे होते, डिचोलीकडच्या खाणींचे लाल डोंगर होते, आणि बाजारातली केळी, मिरच्या, फुले तर विचारूच नका. प्रत्येक चित्रामागे केवळ क्रमांक. नाव, गाव काही नाही. आम्हा तिघांना छापील गुणपत्रके दिली होती. त्यांत चार रकाने होते: विषयाशी संबंध, रचना, तंत्र आणि एकूण परिणाम. चारही मिळून दहापैकी गुण द्यायचे, तिघांची बेरीज करायची आणि सर्वांत मोठ्या बेरजेला पहिले बक्षीस द्यायचे, असा सरळ नियम होता.

ही पद्धत म्हापशाची खास अशी नव्हे. जगभरच्या छायाचित्र-प्रदर्शनांत, ज्यांना त्या वर्तुळात ‘सलोन’ म्हणतात, साधारण हीच चाल आहे. १९५० साली युरोपात छायाचित्रकलेच्या संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९५३ साली आपल्याकडे फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी निघाली. अशा संस्थांच्या छत्राखाली होणाऱ्या सलोनांत बहुधा तिघे परीक्षक असतात. चित्र पडद्यावर येते, काही सेकंद थांबते, तिघे आपापली कळ दाबतात आणि बेरीज आपोआप होते. ठरावीक बेरजेच्या वरची चित्रे ‘स्वीकृत’, खालची परत. पदकांसाठी मात्र वरची चित्रे पुन्हा एकदा समोर मांडतात आणि परीक्षकांना बोलण्याची मुभा देतात. हा दुसरा टप्पा महत्त्वाचा आहे. लहान स्पर्धांत नेमका तोच वेळेअभावी गाळला जातो.

काही सेकंदांत काय कळणार, असा प्रश्न वाचक विचारतील. खरे सांगायचे तर वाईट चित्र काही सेकंदांत कळते. चांगले आणि फार चांगले यांतला फरक कळत नाही. शिवाय माणसाचा डोळा थकतो. सकाळी दहा वाजता पाहिलेला सूर्यास्त आणि दुपारी एक वाजता पाहिलेला पंचविसावा सूर्यास्त यांना सारखेच गुण पडतील, अशी हमी कोणी द्यावी? पहिल्या चित्राच्या वेळी परीक्षक हात राखून असतो. पुढे याहून सरस काही आले तर जागा उरावी म्हणून तो पूर्ण गुण देत नाही. हा केवळ माझा तर्क नव्हे. ब्रुसेल्स येथे राणी एलिझाबेथ यांच्या नावाने जी संगीतस्पर्धा होते, तिच्या निकालांचा अभ्यास फ्लोरेस आणि गिन्सबर्ग या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ साली प्रसिद्ध केला. अंतिम फेरीत कोणी कोणत्या दिवशी वाजवायचे हे तेथे चिठ्ठ्या टाकून ठरते. म्हणजे गुणवत्तेशी त्याचा काही संबंध नाही. तरीही उशिरा वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळण्याकडे कल दिसून आला. जेथे जगातले नामांकित वादक परीक्षक म्हणून बसतात तेथे हे घडते, मग आम्हा म्हापशाच्या तिघांची काय कथा!

यावर एक जुना आणि सोपा उपाय आहे. गुण देण्यापूर्वी सगळी चित्रे एकदा भराभर पाहून घ्यायची. पेन्सिल खाली ठेवायची, केवळ पाहायचे. एकंदर पीक कसे आले आहे याचा अंदाज आला की शेतकरी जसा मापाला हात घालतो, तसेच हे. शक्य असेल तर दुसऱ्या फेरीत क्रम उलटाही करावा. आम्ही पहिले केले, दुसरे केले नाही. जेवणाची वेळ झाली होती आणि यजमानांच्या घरची सोलकढी वाट पाहत होती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शाळेत आपण सर्वांनीच दोन प्रकारचे मास्तर पाहिले आहेत. एक पन्नास आणि साठ यांच्या मध्येच फिरणारे. दुसरे वीसही देणारे आणि नव्वदही देणारे. दोघांचे गुण वेगवेगळे पाहिले तर काही बिघडत नाही. पण दोघांची बेरीज करून वर्गात पहिला कोण हे ठरवायचे म्हटले की पहिल्या मास्तरांचे मत जवळजवळ फुकट जाते. त्यांनी केलेला फरक दहा गुणांचा, दुसऱ्यांनी केलेला सत्तर गुणांचा. निकाल दुसऱ्यांच्याच हाती. कागदावर दोघांना समान अधिकार असतो, पण ज्याचा हात सढळ त्याची सत्ता मोठी. छायाचित्रांच्या स्पर्धेत हेच चालते, आणि ते बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या स्पर्धेत दोन चित्रे अखेरपर्यंत राहिली. एक बोडगेश्वराच्या जत्रेतील रोषणाईचे. रात्रीचे निळे आभाळ, दिव्यांनी उजळलेले देऊळ, खाली माणसांची दाटी. सगळे नेटके आणि स्वच्छ. तिघांनीही त्याला सात-सात गुण दिले, बेरीज एकवीस. दुसरे चित्र बाजारातले. हरमलच्या मिरच्यांची रास, मागून येणारे सकाळचे ऊन, त्या उन्हात मिरच्या निवडणारे म्हाताऱ्या बाईचे दोन हात. तिचा चेहरा मात्र पूर्ण काळोखात. मी त्याला नऊ गुण दिले. शेजारी बसलेल्या निवृत्त चित्रकला-शिक्षकांनीही नऊच दिले. तिसरे परीक्षक स्टुडिओ चालवणारे, चाळीस वर्षे लोकांचे चेहरे उजेडात आणण्यात घालवलेले गृहस्थ. त्यांनी दोन दिले. बेरीज वीस. म्हणजे तिघांपैकी दोघांनी जे चित्र निःसंशय श्रेष्ठ मानले ते दुसरे आले, आणि जे कोणालाच विशेष भावले नव्हते पण कोणाला खटकलेही नव्हते, ते पहिले आले.

निकाल नियमाप्रमाणे लागला आणि तो तसाच जाहीर झाला. बक्षीस-समारंभानंतर पेडण्याकडची एक कॉलेजात शिकणारी मुलगी आमच्यापाशी आली. मिरच्यांचे चित्र तिचे होते. रागावलेली नव्हती, पण कोपऱ्यात जाऊन गप्प बसणाऱ्यांपैकीही नव्हती. तिने सरळ विचारले, “सर, माझ्या फोटोत काय कमी पडलं?”

स्टुडिओवाल्या गृहस्थांनी टाळाटाळ केली नाही. ते म्हणाले, “बाय, कमी गुण मी दिले. माणसाचा फोटो आणि चेहरा काळा! थोडी बाजूला सरकली असतीस तर ऊन गालावर आलं असतं. तंत्राचा रकाना आहे ना कागदावर? तिथं मी काय लिहू?”

ती म्हणाली, “सरकता आलं असतं, सर. पण त्या आजी म्हणाल्या, हातांचा काढ, मिरच्यांचा काढ, तोंडाचा नको. म्हणून मी मुद्दाम उन्हाच्या समोरून काढला.”

ते गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग पाच तरी दिले असते.” पाच दिले असते तर बेरीज तेवीस झाली असती आणि पहिले बक्षीस पेडण्याला गेले असते. हा हिशेब आम्हा चौघांनाही तेथल्या तेथे कळला, आणि कोणी तो बोलून दाखवला नाही.

या प्रसंगातून कोणी तिसऱ्या परीक्षकांना दोषी ठरवील तर तो अन्याय होईल. त्यांचे मत प्रामाणिक होते आणि त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने बरोबरही होते. त्याचप्रमाणे, चित्रामागची हकीकत कळली म्हणून गुण वाढवावेत हेही मला पटत नाही. हकीकतींना गुण द्यायचे ठरले तर उद्या चित्रापेक्षा हकीकती चांगल्या येऊ लागतील. नाव-गाव झाकण्याची चाल त्यासाठीच आहे. पण त्या बाईच्या इच्छेचा मान राखून त्या मुलीने जे केले, ते चित्रातही उतरले होते. हात बोलत होते म्हणूनच चेहऱ्याची उणीव आम्हा दोघांना भासली नाही. प्रश्न हा की नऊ, नऊ आणि दोन असे आकडे पडल्यावर लगेच बेरजेची रेघ ओढणे शहाणपणाचे आहे काय?

या कोड्याचा विचार गणित जाणणाऱ्यांनी फार पूर्वी केला आहे. इंग्लंडातील फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात लिहिले की एखाद्या समितीने सरासरी काढणे चुकीचे, कारण सरासरीत विक्षिप्त माणसाला त्याच्या विक्षिप्तपणाच्या प्रमाणात सत्ता मिळते. त्यापेक्षा सर्व आकडे क्रमाने लावून मधला घ्यावा. लगेच पुढच्या महिन्यात त्यांनी प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनातील एक उदाहरण दिले. तेथे कापून साफ केल्यावर एका बैलाचे वजन किती भरेल, याची पैज होती. ७८७ चिठ्ठ्या त्यांनी तपासल्या. मधला अंदाज १२०७ पौंड निघाला आणि प्रत्यक्ष वजन ११९८ पौंड. शेकडा एकाहूनही कमी फरक!

मधला आकडा घेतला असता तर आमच्या स्पर्धेत मिरच्यांच्या चित्राला नऊ आणि देवळाच्या चित्राला सात पडले असते. पण हाही रामबाण उपाय नव्हे. परीक्षक तिघेच असले की मधला आकडा म्हणजे दोघांच्या बाजूने कौल, आणि तिसऱ्याने काय म्हटले ते जणू ऐकलेच नाही. पाण्यात सूर मारण्याच्या मोठ्या स्पर्धांत सात परीक्षक असतात. वरचे दोन आणि खालचे दोन आकडे गाळले तरी तीन उरतात. तिघांतून वरचा-खालचा गाळला तर उरतो एकच. तेव्हा ज्यांना सात परीक्षक परवडत नाहीत त्यांनी गाळणीपेक्षा संभाषणावर भर द्यावा. दोघा परीक्षकांत चार गुणांहून अधिक अंतर पडले की ते चित्र बाजूला ठेवायचे, शेवटी पुन्हा पाहायचे, प्रत्येकाने आपले कारण सांगायचे आणि मग ज्याला बदलावेसे वाटेल त्याने आकडा बदलायचा. कोणावर सक्ती नाही. यास दहा-पंधरा मिनिटे लागतात. पेडण्याच्या मुलीने जे कारण नंतर सांगितले ते कदाचित त्या बोलण्यात सुचलेही नसते. परंतु काळोख चुकून पडला की जाणून ठेवला, एवढा प्रश्न निदान निघाला असता.

गाल्टनच्या बैलाची गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, मग परीक्षक हवेतच कशाला? लोकांचीच मते घ्या! हल्ली अनेक ठिकाणी ‘लोकांची पसंती’ म्हणून असे बक्षीस ठेवतातही. परंतु प्लिमथच्या चिठ्ठ्यांत दोन गोष्टी होत्या. प्रत्येकाने स्वतःच्या खिशातले सहा पेन्स घालून, शेजाऱ्याला न विचारता अंदाज लिहिला होता. आणि शेवटी तराजू होता. छायाचित्राला तराजू नाही. मतांचे म्हणाल तर ज्याचे गोत मोठे त्याचे चित्र मोठे, असाच निकाल पुष्कळदा लागतो. मावश्या, आत्या, आतेभाऊ आणि दुबईत असलेले वर्गमित्र यांची फौज ज्याच्यामागे उभी राहते, त्याला हरवणार कोण? लोकांचे बक्षीस वेगळे ठेवावे, त्यात मौज आहे. पण ते परीक्षकांच्या गुणांत मिसळू नये.

परीक्षकाची नजर एकटीच असली तरी ती कधी कधी किती मोलाची ठरते, याचे उदाहरण छायाचित्रणाच्या इतिहासात आहे. १८८७ साली लंडनच्या ‘ॲमॅच्युअर फोटोग्राफर’ या नियतकालिकाने सुट्टीत काढलेल्या चित्रांची स्पर्धा ठेवली. परीक्षक होते पीटर हेन्री एमर्सन. इटलीतल्या बेलाजियो गावी हसणाऱ्या मुलांचे एक चित्र एका अनोळखी तरुणाने पाठवले होते. ठाकठीक बसवलेल्या चित्रांच्या गर्दीत एमर्सनना हे एकच सहजस्फूर्त वाटले आणि त्यांनी त्याला पहिले बक्षीस दिले: एक रौप्यपदक आणि दोन गिनी. तो तरुण म्हणजे आल्फ्रेड स्टिगलिट्झ. पुढे अमेरिकेत छायाचित्रणाला कलेचे स्थान मिळवून देणाऱ्यांत तो अग्रभागी राहिला. रकाने भरून बेरीज केली असती तर ते चित्र वर आले असते की नाही, देव जाणे. उलट, १८९२ साली लंडनमध्ये ‘लिंक्ड रिंग’ नावाने जे छायाचित्रकार एकत्र आले, त्यांनी पुढल्या वर्षीपासून भरवलेल्या प्रदर्शनांत पदकेच ठेवली नाहीत. चित्र भिंतीवर लागले हाच मान, अशी त्यांची भूमिका. आपल्याकडील मंडळांनीही एखाद्या वर्षी हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.

रकाने अगदीच टाकाऊ आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. नवख्या परीक्षकाला ते काठीसारखे उपयोगी पडतात. एखाद्या चित्राच्या विषयावरच भाळून तंत्राकडे डोळेझाक होऊ नये, यासाठी ते हवेत. परंतु रकान्यातले नियमही माणसांनीच केलेले असतात. चौकटीचे तीन भाग पाडून मुख्य वस्तू तिसऱ्या भागावर ठेवावी, या नियमाचा आज हौशी मंडळींत फार बोलबाला आहे. तो इंग्लंडातील जॉन टॉमस स्मिथ यांनी १७९७ साली निसर्गचित्रांविषयी लिहिताना मांडला होता. तेव्हा छायाचित्रण जन्मालाही आले नव्हते. नियम पाळला म्हणून गुण आणि मोडला म्हणून वजाबाकी, असे करणारा परीक्षक चित्र पाहत नाही, फूटपट्टी पाहतो.

अलीकडे परीक्षकांपुढे एक नवेच संकट उभे राहिले आहे. २०२३ साली सोनीच्या नावाने होणाऱ्या जागतिक स्पर्धेत बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताच्या चित्राला एका विभागात बक्षीस जाहीर झाले. त्याने ते नाकारले. कारण चित्र कॅमेऱ्याने काढलेलेच नव्हते, कृत्रिम बुद्धीच्या यंत्राकडून करवून घेतलेले होते. परीक्षकांना फरक कळतो का, हे त्याला पाहायचे होते. पुढच्याच वर्षी माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने याच्या नेमके उलट केले. यंत्रनिर्मित चित्रांच्या विभागात त्याने रोहित पक्ष्याचे खरेखुरे छायाचित्र धाडले आणि बक्षीस पटकावले. खुलासा झाल्यावर ते अर्थातच रद्द झाले. यापुढे अखेरच्या फेरीतल्या चित्रांची मूळ, न सुधारलेली प्रत मागवणे लहान स्पर्धांनाही चुकणार नाही. म्हापशात ती मागवली होती. मिरच्यांच्या चित्राची मूळ प्रत आणि स्पर्धेतली प्रत यांत फरक नव्हता.

आता ज्या मंडळांना अशा स्पर्धा भरवायच्या आहेत त्यांच्यासाठी, मग ती मंडळे म्हापशाची असोत वा आपल्या लष्करातली, माझी विनंती थोडक्यात अशी. बेरीज कशी करणार हे चित्रे मागवतानाच छापून सांगावे. परीक्षक एकाच घडणीचे नसावेत. स्टुडिओवाला हवा, चित्रकार हवा आणि ज्याला दोन्हींतले फारसे कळत नाही पण पाहण्याची आवड आहे असाही एक हवा. मोठा मतभेद पडला की बोलायला वेळ ठेवावा, त्यासाठी एखादे भाषण कमी करावे. श्रोते दुवा देतील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक गुणाशेजारी परीक्षकाने एक वाक्य लिहावे आणि ते स्पर्धकाला मिळावे. त्या मुलीला ‘वीस’ या आकड्याने काही शिकवले नाही. “बाजूला सरकली असतीस तर ऊन गालावर आलं असतं,” या वाक्याने शिकवले. कारण त्याला उत्तर देताना आपण काय केले आणि का केले, हे तिला स्वतःला नीट शब्दांत सांगता आले. पुढच्या वेळी ती कोणाचे ऐकेल आणि कोणाचे ऐकणार नाही हा तिचा प्रश्न. मला विचाराल तर तिने त्या आजींचेच ऐकावे.